धाकट्याच्या हाताखाली

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आपल्या रविवार पुरवणीत शहरातल्या मातीकामाच्या कार्यशाळांवर पानभर लेख आला होता. चाकावर दोन तास बसलं की मनावरचा ताण उतरतो, असा त्याचा सूर होता. सोबतच्या छायाचित्रात ॲप्रन घातलेली तरुण मुलंमुली कोपरापर्यंत मातीत माखून हसत होती. ते छायाचित्र मी बराच वेळ पाहत बसलो. त्यांच्या वयाचा होतो तेव्हा पुण्याच्या एस.टी.त चढण्याआधी मी काडेपेटीतल्या काडीनं नखं कोरून काढायचो. माती कुणाला दिसू नये म्हणून.

मी जातीनं आणि घरच्या धंद्यानं कुंभार. चारचौघं वाचतील अशा ठिकाणी हे वाक्य लिहायला मला 63 वर्षं लागली. ते बळ मातीनंच दिलं, म्हणून हे पत्र. लांबलं तर आपल्या सोयीनं काटछाट करावी, पण धाकट्या भावाबद्दलचा मजकूर तेवढा ठेवावा, ही विनंती.

आमचं गाव खटाव तालुक्यात, येरळेच्या काठी. घर गावाच्या कडेला, कारण आव्याचा, म्हणजे भांडी भाजायच्या भट्टीचा, धूर. आबा चाकावर बसायचे. माती कुटणं, चाळणं, तुडवणं, वाळलेल्या भांड्याला गेरू लावून गुळगुळीत दगडानं घोटणं, ही सगळी कामं आईची. बाजारात मात्र माठ 'आबांचा' म्हणून विकला जायचा. (हे मला तेव्हा कधी खटकलं नाही. आता खटकतं.) गावाचं वर्ष आमच्या अंगणातून पुढे सरकायचं म्हटलं तरी चालेल. संक्रांतीला सुगडं, अक्षय्यतृतीयेला केळी म्हणजे पाण्याची छोटी मडकी, नवरात्रात घट, दिवाळीला पणत्या आणि पोरींच्या भातुकलीची बोळकी. लग्नघरच्या बायका रंगवलेली मडकी न्यायला वाजतगाजत दारात यायच्या, आई त्यांच्या ओट्या भरायची. आणि रात्री-अपरात्री दाराची कडी वाजली की आबा कंदील घेऊन उठायचे, काही न विचारता एक मडकं काढून द्यायचे. त्या मडक्याचे पैसे ते घेत नसत. सकाळी कळायचं, गावात कोण गेलं ते.

1972 च्या दुष्काळात मी दहा वर्षांचा होतो. प्यायलाच पाणी नव्हतं, तर माती कशानं भिजवणार? चाक उलटं करून भिंतीला लावलं आणि आबा-आई दोघंही दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. आम्ही पोरं सुकडी खाऊन राहिलो. दुष्काळ सरला, पण धंदा पहिल्यासारखा उभा राहिला नाही. घरोघरी ॲल्युमिनियमची पातेली आली, मग स्टील, मग प्लास्टिकची घागर. बलुत्याचं धान्य सुपातून ओंजळीवर आलं. आबांनी ठरवलं, थोरल्यानं शिकायचं, धाकट्यानं चाक धरायचं. धाकटा तेव्हा सहा वर्षांचा. त्याला कुणी विचारलं नाही. मलाही नाही, पण माझ्या वाट्याला शाळा आली.

पाचवीत गुरुजींनी वर्गात एकेकाला उभं करून वडिलांचा धंदा विचारला. मी सांगितला. मागच्या बाकावरून एक पोरगा म्हणाला, "मग तू गाढवावर बसून येत असशील!" आणि सगळा वर्ग हसला. आमच्याकडे माती वाहायला दोन गाढवं होती, हे खरंच होतं. पुढे हायस्कूलला वडूजला गेलो. तिथं पुन्हा तोच प्रश्न आला, तेव्हा मी म्हणालो, "शेती." आमची वीस गुंठे मुरमाड जमीन होती, तिच्या आडोशानं हा शब्द बोललो. 1984 साली पुण्यात एका सरकारी कचेरीत लिपिक म्हणून लागलो. तिथंही शेती. सोसायटीत शेती. 36 वर्षांच्या नोकरीत एकाही सहकाऱ्याला मी गावच्या घरी नेलं नाही.

आता जे सांगायचं आहे, ते लिहिताना हात अडखळतो. 2013 मध्ये माझ्या मुलीचं लग्न पुण्यात एका कार्यालयात झालं. धाकटा आणि त्याची बायको आदल्या दिवशी एस.टी.नं आले. सोबत पोत्यात पाचटाच्या थरांत बसवलेली पाच मडकी होती. चुन्याचा हात दिलेली, वर गेरूची आणि हिरवी वेलबुट्टी. पुतणीच्या बोहल्याशेजारी मांडायला त्यानं खास बनवली होती. व्याह्यांची माणसं समोरच उभी होती. मी घाईघाईनं म्हणालो, "इथं जागा नाही रे," आणि ते पोतं आचाऱ्यांच्या गॅसच्या टाक्या ठेवल्या होत्या त्या खोलीत सरकवलं. धाकट्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं. "बरं आण्णा," एवढंच म्हणाला. लग्न लागलं, पंगती उठल्या, आणि संध्याकाळच्या गाडीनं तो ती पाचही मडकी परत घेऊन गेला. जाताना पोतं त्यानं मांडीवर घेतलं होतं.

मे 2020 अखेर मी निवृत्त झालो. टाळेबंदी होती, निरोप समारंभ झाला नाही. जूनमध्ये परवाना काढून आम्ही नवरा-बायको गावी आलो. अंगण माठांनी भरलेलं होतं, तीनशेच्या आसपास असतील. कुंभाराचं वर्षाचं पोट मार्च ते मे या तीन महिन्यांवर चालतं, आणि नेमके त्याच तीन महिन्यांत आठवडी बाजार बंद. पावसाचा पहिला शिडकावा आला तेव्हा धाकटा आणि त्याची बायको एकेक माठ उचलून पडवीत नेत होते, आणि धाकटा लंगडत होता. त्याचा उजवा गुडघा लिंबाएवढा सुजला होता. दिवाळीच्या पणत्यांसाठी माती तयार करायची वेळ आली, तर त्याला पाय टेकवेना. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि म्हणालो, "मी तुडवतो." दयेपोटी म्हणालो, हे कबूल करतो. मनात धरलं होतं, आठवडाभर मदत करायची.

माती तुडवणं म्हणजे काय, ते सांगतो, कारण कार्यशाळेत ती पिशवीतून तयार मिळते. तलावाचा गाळ उन्हाळ्यात आणून वाळवायचा, कुटायचा, चाळायचा, खड्ड्यात भिजवायचा. त्यात चाळलेली लीद आणि राख मिसळायची. मग त्याचा भाकरीसारखा पसरट गोल करून कडेकडेनं टाचेनं दाबत, गोल गोल फिरत, मधोमध यायचं. परत कडेला जायचं. पहिल्या दिवशी माझ्या पोटऱ्या रात्रभर दुखल्या. धाकटा गुडघ्याला फडकं बांधून शेजारी पाटावर बसलेला. मला वाटायचं तो पाऊस बघतोय, पण तो ऐकत असायचा. मधेच म्हणायचा, "आण्णा, मागं ये. डाव्या टाचंखाली खडा ऱ्हायला."

आमच्या भागातल्या मातीत चुनखडीचे खडे फार. हरभऱ्याएवढा एक जरी राहिला तरी भांडं वाया. वाया म्हणजे लगेच नव्हे. भांडं नीट उतरतं, नीट वाळतं, आव्यातूनही लालभडक निघतं. पण आव्यात त्या खड्याचा कळीचा चुना झालेला असतो. तो हवेतला ओलावा पीत राहतो, फुगत राहतो, आणि आठ-पंधरा दिवसांनी गिऱ्हाइकाच्या घरात माठाचा कपचा उडतो. माझी मुलगी पुण्यात रसायनशास्त्र शिकवते, तिनं हे मला फोनवर समजावून सांगितलं. धाकट्याला त्यातलं रसायन ठाऊक नव्हतं, पण टाचेखालचा खडा त्याला कळत होता. त्या वर्षी माझ्या आळसानं राहिलेल्या एका खड्यापायी शेजारच्या गावचा एक माठ फुटून परत आला. धाकट्यानं मुकाट दुसरा दिला. मी तो फुटका कपचा हातात घेतला, मधला पांढरा ठिपका पाहिला, आणि मला माझा 'शेती' शब्द आठवला. वरून सगळं नीट दिसत होतं. नोकरी, सदनिका, मुलीचं शिक्षण, सगळं.

आठवडाभरासाठी म्हणून गेलो होतो, तो आजतागायत तिथंच आहे. पुण्याचं घर आता महिन्यातून चार दिवसांपुरतं.

चार महिने त्यानं मला चाकाला हात लावू दिला नाही. मी थोरला, शिकलेला, घरात माझा शब्द चालत आलेला. मला राग यायचा. एकदा बोललोसुद्धा, "अरे, मी काय पोर आहे?" तो चाक पुसत म्हणाला, "चाकाला थोरला-धाकटा कळत न्हाय, आण्णा." त्यात टोमणा नव्हता. त्याला जे ठाऊक होतं ते त्यानं सांगितलं.

दिवाळीच्या तोंडावर पहिल्यांदा बसलो. पणत्यांसाठी एकच मोठा गोळा चाकावर ठेवतात आणि त्याच्या शेंड्यावरून एकेक पणती उचलून दोऱ्यानं कापून घेतात. धाकटा दिवसाला पाच-सहाशे काढतो. मी पहिल्या दिवशी अकरा काढल्या. त्यातल्या चार त्यानं फळीवर ठेवल्या, सात परत मातीत टाकल्या. कचेरीत मी कुणाचं टिपण परत पाठवलं की त्यावर लाल शाईनं शेरा असायचा. इथं शेरा नव्हता. फेकलेली माती पुन्हा भिजायची, पुन्हा तुडवायची, पुन्हा माझ्याच हाताखाली यायची.

गोळा फिरत्या चाकाच्या बरोबर मधोमध बसवायला मला आठ महिने लागले. बघणाऱ्याला वाटतं, दाबलं की बसेल. मी दाबायचो, तो उसळून तळहातावर धक्के द्यायचा. अजून जोरानं दाबायचो, मनगटं भरून यायची. एके दिवशी धाकटा माझ्यामागं येऊन उकिडवा बसला, माझे दोन्ही कोपर त्यानं माझ्याच मांड्यांवर टेकवले आणि म्हणाला, "आता हात हलवूच नगंस. तू हललास की ती हालती. तू गप ऱ्हा, ती येती." मी श्वास सोडला. हात एका जागी धरले, ना पुढे ना मागे. चाक फिरत राहिलं. धक्के आधी मोठे, मग बारीक, मग नुसती थरथर. मग काहीच नाही. हाताखाली गोळा फिरतोय, हे फक्त ओलाव्यावरून कळत होतं. धाकटा म्हणाला, "बसली." मला रडू आलं. का, ते तेव्हा नीट उमगलं नाही. घरात, कचेरीत, मुलीच्या बाबतीत, मी आयुष्यभर दाबून सरळ करायला गेलो होतो. बायको म्हणते, त्या वर्षापासून मी जेवताना भाजीत काय कमी आहे ते सांगणं बंद केलं. माझ्या ते ध्यानातही आलं नव्हतं.

माठ नुसता चाकावर होत नाही, हे फार थोड्यांना माहीत असतं. चाकावरून निघतो तो जाड अंगाचा, बसका ऐवज. तो सावलीत अर्धा सुकला, बोट लावलं तर ठसा उमटत नाही पण नख उमटतं, अशा बेताला आला की थापायला घ्यायचा. डाव्या हातानं आतून दगडी गुंडा धरायचा, उजव्या हातानं बाहेरून लाकडी थापटणं मारायचं. भांड्याला राख चोळायची, म्हणजे चिकटत नाही. आतला हात दिसत नाही. बाहेरचा फटका जिथं पडणार, तिथं आतला गुंडा आधीच पोचलेला पाहिजे. नाही पोचला तर भिंत आत जाते. मारत मारत, मांडीवर फिरवत, भिंत पातळ होत जाते, पोट गोल होत जातं. आणि आवाज बदलत जातो. सुरुवातीला बद्द बद्द, ओल्या भिंतीवर थोपटावं तसा. मग हळूहळू पोकळी बोलायला लागते. धाकटा बोलता बोलता मारत असतो, नजर दुसरीकडेच, आणि मधेच थांबतो. त्याचा माठ झालेला असतो. जाडी मोजायला त्याला कान पुरतो.

आबांचं थापटणं त्यानं मला दिलं ते 2021 च्या पावसाळ्यात. मुठीपाशी आबांच्या अंगठ्याची खोबण पडलेली. माझा अंगठा त्यात बसला नाही, माझा हात आबांपेक्षा मोठा आहे. थापटणं म्हटलं की गोरोबाकाकांची कथा आलीच. तेरला संतमंडळी जमली होती, मुक्ताबाईनं थापटण्याकडे बोट दाखवून हे काय म्हणून विचारलं, गोरोबा म्हणाले, याच्यानं मडकं कच्चं की पक्कं ते कळतं. मग त्यांनी एकेका संताच्या डोक्यावर थापटणं मारून पाहिलं. नामदेव रागावले आणि मडकं कच्चं ठरलं. शाळेत असताना मला ही कथा नामदेवांना हिणवणारी वाटायची. धाकट्याचं म्हणणं वेगळं. तो म्हणाला, "कच्चं म्हंजे वाईट न्हवं आण्णा. कच्चं हाय तवरच त्याला सारखं करता येतं. भाजल्यावर वाकडं ऱ्हायलं की ऱ्हायलंच." नामदेव पुढे विसोबा खेचरांकडे शिकायला गेले, हे आपण सगळेच जाणतो. एवढा मोठा भक्त, आणि पुन्हा शिष्य झाला. 58 व्या वर्षी धाकट्या भावाच्या हाताखाली बसलेल्या माणसाला या गोष्टीचा केवढा आधार वाटला असेल, ते मी शब्दांत सांगू शकत नाही.

2021 च्याच दिवाळीआधीच्या आव्याच्या रात्री मी त्याच्याशी बोललो. आवा लावला की रात्रभर जागावं लागतं. खाली गोवऱ्या, वर भांडी, मधून पाचट आणि लाकूडफाटा, सगळ्यावर खापरांचं आणि ओल्या मातीचं पांघरूण. आधी मंद आच. भांड्यांत उरलेलं पाणी शंभर अंशांला वाफ होतं. आच वाढवायची घाई केली की त्या वाफेला वाट मिळत नाही आणि आतून फट् फट् आवाज येतात. प्रत्येक आवाज म्हणजे एक भांडं गेलं. पांढरी वाफ सरून धूर निळसर, पातळ झाला की मग आच चढवायची. उतरतानाही तेच. मुलीनं सांगितलं होतं की 573 अंशांला मातीतल्या गारेचे कण एकदम फुगतात आणि थंड होताना त्याच ठिकाणी एकदम आक्रसतात. म्हणून लालबुंद आवा उघडून गार वाऱ्याला दिला की भांड्यांना केसाएवढ्या चिरा जातात. मी आकडा सांगितला तेव्हा धाकटा खुशीत आला. "पाचशे त्र्याहत्तर," दोन-तीनदा म्हणाला. आबा 'दोन दिवस हात लावायचा न्हाय' म्हणायचे, त्याला आकडा मिळाला याचा त्याला आनंद झाला.

पहाटेचे तीन वाजले असतील. भावजय चहा ठेवून आत गेली होती. मी आव्याकडे बघत म्हणालो, "पोरीच्या लग्नात मी तुझी मडकी गॅसच्या खोलीत ठेवली." तो काही बोलला नाही. मी म्हणालो, "जागा होती. मला लाज वाटली." त्यानं काठीनं एक निखारा आत सारला. मग म्हणाला, "ठावं हाय." बऱ्याच वेळानं म्हणाला, "ती मडकी हायती अजून. तुरीची डाळ भरल्या हिनं. किडा लागत न्हाय." एवढंच. मी माफी मागायची वाक्यं जुळवून ठेवली होती, ती तशीच राहिली. आवा निवल्यावर भांडी काढायला त्यानं मला पुढे केलं.

दिवाळीत मुलगी गावी आली. भावजयीनं एका मडक्यातली डाळ डब्यात ओतली, मडकं पुसलं आणि तिच्या हातात दिलं. चुना पिवळा पडला होता, वेलबुट्टी शाबूत होती. "हे माझ्या लग्नातलं? मला कसं दिसलं नाही तेव्हा?" तिनं विचारलं. मी खरं ते सांगितलं. ती त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी काकाशेजारी बसून पणत्या कापायला शिकत होती. मला पाहून थोडी सरकली, जागा केली.

2023 मध्ये मी धाकट्याला पुण्याला डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात घेऊन गेलो. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला जे उत्खनन झालं, त्यातली तीन हजार वर्षांपूर्वीची भांडी तिथं आहेत. जोर्वे संस्कृती म्हणतात तिला, संगमनेरजवळच्या जोर्वे गावावरून. लाल अंग, काळ्या रेघा, लांब नळीच्या तोटीचे चंबू. कुठली राजधानी नाही, राजवाडा नाही. आपल्यासारखीच शेतकऱ्यांची वस्ती, तिथं कुंभाराची भट्टीसुद्धा सापडली. धाकटा एका फुटक्या भांड्यासमोर थांबला तो हलेना. काचेला नाक लावून आतली बाजू बघत होता. म्हणाला, "आण्णा, बोटं बघ." भांड्याच्या आतल्या अंगाला बोटांनी माती वर ओढताना उमटलेल्या गोल रेघा होत्या. "तर्जनी नखाकडनं टेकवत हुता. आबांगत." पुढे लहान मुलांच्या दफनाचे रांजण होते. दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे, आत मूल, आणि घराच्या जमिनीखाली पुरायचं, अशी त्या लोकांची रीत होती. धाकटा तिथं हात जोडून उभा राहिला. मला कंदील घेऊन उठणारे आबा दिसले. त्या वस्तीतही रात्री कुणीतरी कुंभाराचं दार वाजवलं असेल. इतक्या जुन्या आणि इतक्या गरजेच्या कामाची मी लाज बाळगली, हे त्या काचेपुढं उभं राहून मला जितकं लागलं, तितकं कशानंच लागलं नव्हतं.

धाकट्याला आता खादी ग्रामोद्योग आयोगाच्या योजनेतून विजेवर चालणारं चाक मिळालं आहे. गुडघ्याला आराम पडला. वीज गेली की जुनं चाक काठीनं फिरवतो. पुतण्या चाकणला कंपनीत आहे, धंद्यात येणार नाही. यावं असा माझा आग्रहही नाही, ज्याचं त्यानं ठरवावं. पण गेल्या वर्षी वैशाखात त्याच्या लग्नात बोहल्याशेजारी जी मडकी मांडली होती, त्यांतली दोन मी घडवलेली होती. एकाचा काठ किंचित कलता होता. ते धाकट्यानं आपल्या हातानं सर्वांत वर ठेवलं, आणि कंपनीतल्या साहेबांना पुतण्या सांगत होता, "हे आमच्या आण्णांनी केलंय."

संपादक महोदय, आपल्या लेखातल्या तरुणांना मातीत समाधान मिळतं, याचा मला मनापासून आनंद आहे. त्यांनी जरूर शिकावं. त्यांना एवढंच सांगावंसं वाटतं की दोन तासांवर थांबू नका. माती तुडवायला या, आव्यापाशी एक रात्र जागा, सात पणत्या परत मातीत जाताना बघा. पुण्यात कसबा पेठेत कुंभारवाडा आहे, मुंढव्याला केशवनगरात कुंभारांची घरं आहेत. मुंबईत धारावीचा कुंभारवाडा आहे, तिथली मंडळी मूळची सौराष्ट्रातली. पुरवणीत पुन्हा कधी असा लेख आला तर कार्यशाळांसोबत या वस्त्यांबद्दलही लिहावं, आणि चाकावर बसलेल्या माणसाचं नाव विचारून छापावं.

आणि शिक्षक मंडळींना एक विनंती आहे. वर्गात पोराला उभं करून बापाचा धंदा विचारण्याची काही गरज नसते. विचारलाच, आणि कुणी 'कुंभार' म्हणालं, तर त्याला एक दिवस मूठभर माती घेऊन यायला सांगा आणि तिचं काय होतं ते वर्गाला दाखवू द्या. आम्ही दोघं भाऊ त्यासाठी जवळपासच्या कुठल्याही शाळेत यायला तयार आहोत. गेल्या हिवाळ्यात दोन शाळांत जाऊन आलो. एका मुलीनं धाकट्याला विचारलं, "काका, तुम्हाला मातीचा वास आवडतो का?" त्याला एवढ्या पोरांसमोर बोलायची सवय नाही. त्यानं ओला गोळा तिच्या नाकापाशी धरला.

संक्रांतीच्या सुगडांसाठी माती परवापासून भिजत घातली आहे. धाकट्याची हाक आली, ती तुडवायला जायचं आहे.

आपला,
एक निवृत्त लिपिक आणि कुंभार,
ता. खटाव, जि. सातारा